सायटिकाची कळ घरी बरी होते का? पायातलं दुखणं कुठे सरकतंय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांचं वय ४३, बार्शीत किराणा दुकान. तीन आठवड्यांपूर्वी साखरेचं पोतं उचलताना कंबरेत चमक भरली. दोन-तीन दिवसांत कंबर जरा हलकी झाली, पण डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या अंगाने नडगीवर आणि पार अंगठ्यापर्यंत कळ जायला लागली. बसलं की वाढते, शिंकलं की पायात वीज गेल्यासारखी होते. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आलेली दिसते. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय, सासरे म्हणतात पायाळूकडे (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाकडे) न्या, आणि मिस्टर तेव्हापासून अंथरुणातच आहेत. घरी राहून हे बरं होईल का, असं तुम्ही विचारलंय.

बहुतेक वेळा होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्षानुवर्षं याच दुखण्याची माणसं बघते आहे, आणि तुम्ही लिहिलेलं वर्णन अगदी नेहमीच्या सायटिकाचं, म्हणजे कंबरेतली नस दुखावून पायात उतरणाऱ्या कळेचं आहे. पण पुढचं वाचण्याआधी आज रात्रीच काही गोष्टी तपासून घ्या. त्यातली एक जरी आढळली तर हे उत्तर बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

पहिली गोष्ट लघवीची. लघवी अडकतेय, लागल्याचं कळत नाही, नकळत होतेय, किंवा शौचावरचा ताबा सुटलाय का? सायकलच्या सीटला टेकतो तो सगळा भाग, म्हणजे गुदद्वाराभोवती आणि जांघेत आतून, बधिर झालाय का? असे त्रास पुरुषमाणसं आपणहून सांगत नाहीत, म्हणून तुम्हीच स्पष्ट विचारा. यातलं काही असेल तर मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा सगळा जुडगाच दाबला गेलेला असू शकतो. तिथे सकाळपर्यंतही थांबायचं नाही. अशा वेळी ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं, साधारण ४८ तासांच्या आत, नाहीतर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट पायातल्या ताकदीची. खुर्चीच्या पाठीला धरून त्यांना आधी टाचांवर, मग चवड्यांवर आठ-दहा पावलं चालायला लावा. मग पलंगाच्या कडेला बसवून दोन्ही पायांचे अंगठे वर उचलायला सांगा आणि तुमच्या बोटाने ते खाली दाबा. उजवा अंगठा जेवढा जोर लावतो तेवढा डावा लावतो का? त्यांची जी नस दुखावलेली दिसते, ती पाचव्या मणक्याची. अंगठा आणि पाऊल वर उचलणं हे तिचंच काम. अंगठा थोडा कमजोर असेल तर घाबरू नका, पण तारीख घालून लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगा, आणि दर दोन दिवसांनी पुन्हा बघा. चप्पल पायातून निसटायला लागली किंवा पाऊल जमिनीवर फटक्यासारखं आपटायला लागलं, तर त्याच दिवशी मणक्याच्या डॉक्टरांना दाखवायचं.

तिसरी गोष्ट आपल्याकडे विसरून चालत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, कूस कशीही बदलली तरी रात्री वाढत जाणारं दुखणं, यामागे मणक्याचा क्षयरोग असू शकतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा उंचावरून पडून दुखणं सुरू झालं असेल, तरी घरगुती उपायांवर थांबू नका.

हे सगळं ठीक असेल, तर आता मुख्य मुद्दा सांगते. सायटिकात दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठपर्यंत जातंय हे महत्त्वाचं. कळ अंगठ्यापर्यंत जात होती ती पोटरीपर्यंत आली, पोटरीची मांडीत आली, मांडीची कुल्ल्यात आली, तर गाडी बरोबर दिशेने चालली आहे. या वाटेवर कंबर आधीपेक्षा जास्त ठणकू शकते. इथेच लोक घाबरतात आणि नेमकी उपयोगी पडणारी गोष्ट सोडून देतात. उलट, कंबर मोकळी वाटतेय पण कळ मांडीतून पोटरीत उतरली, तर ते सुधारणं नव्हे. रोज रात्री त्यांना एकच प्रश्न विचारा: आज सगळ्यात खाली कुठपर्यंत दुखलं? वहीत लिहून ठेवा. त्या वहीइतकी उपयोगी माहिती एमआरआयच्या रिपोर्टातही नसते.

ही खूण उपचारात आणण्याचं श्रेय न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांना जातं. १९५६ मध्ये वेलिंग्टनच्या त्यांच्या दवाखान्यात पायात कळ असलेला एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपून राहिला. कंबर मागे वाकलेली, म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे अगदी अयोग्य स्थिती. थोड्या वेळाने तो म्हणाला, पायातली कळ गेली. मॅकेन्झींनी तो योगायोग म्हणून सोडून दिला नाही. पुढची कितीतरी वर्षं ते तेच तपासत राहिले, आणि त्यातून जे निघालं ते आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट वापरतात.

रिपोर्टाबद्दलही बोलते, कारण घरातली निम्मी भीती त्या कागदातून येते. दोन मणक्यांमधली गादी बाहेरून चिवट कड्यांची आणि आतून मऊ गराची असते. वाकून वजन उचलताना कडं फाटलं की गर मागे सरकतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला लागतो. नस नुसती दबली तर मुंग्या आणि बधिरपणा येतो. त्या गरामुळे तिच्याभोवती दाह होतो, आणि अशी तापलेली कळ मुख्यतः त्या दाहाची असते. दाह काही आठवड्यांत उतरतो, म्हणूनच गादी जागच्या जागी असूनही कळ कमी होऊ शकते.

शिवाय बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतः शोषून घेतं. रक्तातल्या सफाई करणाऱ्या पेशी तो परका समजून हळूहळू खातात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असं दिसलं की सुटून वेगळा झालेला तुकडा ९६ टक्के रुग्णांत लहान झाला, कडं फोडून बाहेर आलेला ७० टक्के रुग्णांत, पण नुसती फुगलेली गादी फक्त १३ टक्के रुग्णांत. म्हणजे रिपोर्टात जे सगळ्यात भयंकर वाटतं, तेच विरघळण्याची शक्यता जास्त. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात कंबर कधीच दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय बघितले, तर चाळिशीतल्या निम्म्या लोकांत गादी फुगलेली सापडली. तेव्हा रिपोर्टात मिस्टरांच्या बाकीच्या मणक्यांबद्दल जे 'झीज', 'गॅप कमी' वगैरे लिहिलंय, ते केसांच्या पांढरेपणासारखं समजा.

आता घरात काय करायचं.

अंथरूण सोडायचं. पहिले दोन-तीन दिवस अगदीच उठवत नसेल तर ठीक, पण तीन आठवडे झोपून राहणं नको. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या रुग्णांना दोन आठवडे झोपवून बघितलं, त्यांना न झोपवलेल्यांपेक्षा काहीही जास्त फायदा झाला नाही. उद्यापासून घरातल्या घरात, मग गल्लीत, पाच-पाच मिनिटं, दिवसातून सहा-सात वेळा चालायला लावा. सपाट रस्त्यावर, पायात बूट घालून. चालताना कळ खाली उतरायला लागली तर थांबायचं, पालथं पडायचं, मग पुन्हा.

उठण्याची पद्धत बदला. उताणं असताना सरळ उठून बसणं हे या दुखण्यातलं सगळ्यात वाईट काम. आधी दोन्ही गुडघे वाकवायचे, खांदा आणि कंबर एकदम फिरवून कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालचं कोपर आणि वरचा तळहात गादीवर रेटून धड वर आणायचं. पाठ कुठेही मुरडत नाही. जमिनीवर किंवा फळीवर झोपायचा सल्ला कोणी दिला असेल तर तो मोडा. जमिनीवरून उठतानाच कंबर पुन्हा पकडते. २००३ मध्ये स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर केलेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. तुमची नेहमीची कापसाची गादी पलंगावर टाकलीत तरी पुरे. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी, उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी.

सकाळचा पहिला तास जपायचा. रात्रभर आडवं राहिल्याने गादीत पाणी भरतं, ती फुगून ताठ होते, आणि त्या वेळी वाकलं की तिच्यावर जास्त ताण येतो. म्हणून उठल्याउठल्या पश्चिमोत्तानासन, पायाची बोटं धरणं, गुडघे छातीशी घेणं, यातलं काहीही नको. व्हॉट्सॲपवर सायटिकासाठी म्हणून फिरणाऱ्या कितीतरी व्यायामांत नेमकं हेच असतं. तोंड धुताना एक हात बेसिनवर टेकायचा. आंघोळीची बादली जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा आणि त्यांना उंच प्लास्टिकच्या स्टुलावर बसवा. पाटावर बसून वाकून तांब्या भरणं म्हणजे वीस-पंचवीस वेळा कंबर वाकवणं. शौचाला कमोड नसेल तर मेडिकलवाल्याकडे कमोडची खुर्ची मिळते, महिनाभरासाठी आणा. कुंथल्याने पायात कळ जाते, त्यामुळे पोट साफ राहील हे बघा, रात्री कोमट पाण्यातून इसबगोल चालेल. शिंक येतेय असं वाटलं की भिंतीला हात टेकून छाती वर काढून शिंकायचं.

बसणं कमीत कमी. दुकानात गल्ल्यामागे गादीवर मांडी घालून बसण्याची सवय असेल तर ती सध्या पूर्ण बंद. गल्ला उंचावर घ्या, उभं राहून हिशेब करू द्या, बसायचंच झालं तर टणक खुर्ची, कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल, आणि वीस मिनिटांनी उठायचं. मोटारसायकल नको. एसटीने जावं लागलं तर मागच्या सीटवर बसू नका.

आता पालथं झोपण्याचा व्यायाम. हा नीट समजून घ्या, कारण तुमच्या मिस्टरांसारख्या माणसांत, बसल्यावर वाढणाऱ्या आणि चालल्यावर सुसह्य होणाऱ्या कळेत, माझा सगळ्यात जास्त भरवसा यावर आहे. पलंगावर किंवा जाड सतरंजीवर पालथं झोपायचं, हात अंगालगत, मान एका बाजूला. पहिल्यांदा पालथं होणंच जड जाईल, तर पोटाखाली एक उशी घ्या आणि दोन दिवसांत ती काढा. पाच मिनिटं नुसतं पडून राहायचं, खोल श्वास सोडत कंबर ढिली टाकायची. मग कळ कुठे आहे ते विचारा. खाली उतरली नसेल तर कोपरांवर टेकून छाती वर घ्यायची, दोन-तीन मिनिटं. तेही मानवलं तर पुढच्या दिवशी तळहात खांद्यांखाली ठेवून फक्त हातांच्या जोराने छाती उचलायची, पोट आणि कंबर खाली लोंबू द्यायची, एक-दोन सेकंद थांबून परत खाली. असं दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. बघणाऱ्याला हे भुजंगासन वाटेल, पण भुजंगासनात पाठीचे स्नायू काम करतात, इथे पाठ आणि कुल्ले पूर्ण सैल हवेत. तुम्ही शेजारी बसून त्यांच्या कुल्ल्यावर हात ठेवून बघा, तो घट्ट झाला तर 'सैल सोडा' म्हणून सांगा.

नियम आधी सांगितला तोच. करताना कंबर दुखली तरी चालेल, पायातली कळ वर सरकली पाहिजे. व्यायाम संपल्यावर कळ पावलाकडे गेली आणि तिथेच राहिली तर थांबा. दोन दिवस असंच झालं तर हा व्यायाम त्यांच्यासाठी नाही, फिजिओथेरपिस्टला दाखवून दुसरी दिशा शोधावी लागेल. आरशासमोर उभं केल्यावर धड एका बाजूला झुकलेलं दिसत असेल, कंबर वाकडी झाल्यासारखं, तर आधी ते सरळ करावं लागतं. ते घरी ओढाताण करून करू नका. आणि हे वाचून सासऱ्यांनी स्वतःवर प्रयोग करू नये. साठीनंतर चालल्यावर पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे झुकलं की बरं वाटतं, असं असेल तर ते दुखणं वेगळं. त्यात मागे वाकल्याने त्रास वाढतो.

शेक चालतो, पंधरा-वीस मिनिटं, कंबरेला. निर्गुडीचा पाला असो की गरम पाण्याची पिशवी, स्नायू सैलावण्यापुरता दोन्हींचा उपयोग सारखाच. फक्त पायाच्या बधिर भागावर शेक देऊ नका, कातडी भाजली तरी कळत नाही. हलक्या हाताने तेल लावलं तर हरकत नाही. पाठीवर पाय देऊन तुडवणं, झटका देऊन मणका 'बसवणं' नको. पायाळूचा पाय लावल्याने उसण जाते असं सासऱ्यांनी पाहिलं असेल, यात त्यांची चूक नाही. स्नायूंची उसण दोन-चार दिवसांत आपोआपच उतरते. मिस्टरांचं दुखणं नसेचं आहे, तिथे लाथ किंवा झटका बसला आणि तुकडा आणखी सरकला तर पाऊल लुळं पडू शकतं.

कंबरेचा पट्टा प्रवासापुरता बांधला तर बांधा, दिवसभर नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात पट्टे आणि वजन लावून ताणणं हे दोन्ही नको म्हटलंय.

गोळ्यांचं डॉक्टरांनीच ठरवायचं, पण दोन गोष्टी विचारून घ्या. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर, ठीक असतात. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधी सांगा आणि मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. दुसरं म्हणजे प्रेगाबालिन, नसांच्या दुखण्यावर दिलं जाणारं औषध. सायटिकाच्या जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर ते असतं. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत सायटिकासाठी त्याचा खोट्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. सुरू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून कमी करा. आणि दोन्ही पावलांत सारख्याच मुंग्या किंवा आग असेल तर ती गादीमुळे असेल असं धरून बसू नका. साखर आणि बी-१२ तपासून घ्या, शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघण्याचं प्रमाण बरंच असतं.

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, कळ गुडघ्याच्या वर आली की, नस मोकळी करण्याचा एक व्यायाम वाढवा. उताणं झोपून डावी मांडी दोन्ही हातांनी उभी धरायची, गुडघा हळूहळू सरळ करत न्यायचा आणि मांडीमागे जरा ताण जाणवला की लगेच परत वाकवायचा. ताणून धरायचं नाही. दहा-बारा वेळा, दिवसातून तीनदा. दुखावलेली नस ताणून धरली की चिडते, हलती ठेवली की शांत होते. पंचा पायात अडकवून पाय खेचून धरणारे पुष्कळ लोक दुखणं लांबवून घेतात.

ऑपरेशनचं म्हणाल, तर तुमच्या डॉक्टरांनी चुकीचं काही सांगितलेलं नाही, फक्त घाई करायचं कारण तुमच्या पत्रात मला दिसत नाही. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून २००७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले सगळे. ज्यांचं ऑपरेशन लवकर केलं, त्यांची पायातली कळ लवकर गेली. ज्यांना थांबवलं, त्यांतल्या ३९ टक्के लोकांना वर्षभरात शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत बरे झालेल्यांचं प्रमाण सारखंच, ९५ टक्के होतं. म्हणजे ऑपरेशनने मिळतो तो मुख्यतः वेळ, आणि दुकान बंद ठेवून बसलेल्या माणसाला वेळेची किंमत असते, हेही मी मानते. सहा ते आठ आठवडे नीट प्रयत्न करूनही वहीतली नोंद पोटरीच्या वर सरकत नसेल, झोप उडालेली असेल, तर ऑपरेशनचा विचार जरूर करा, दुसऱ्या मणक्याच्या डॉक्टरांचं मतही घ्या. पावलाची ताकद कमी होत चालली असेल तर एवढंही थांबू नका.

बरं वाटल्यावर चालणं सोडू नका. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांच्या चाचणीत, कंबरदुखीतून बरे झाल्यावर हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत पोचायचं ठरवून दिलं होतं. त्यांना दुखणं परत उद्भवेपर्यंत साधारण २०८ दिवस गेले, असं काही ठरवून न दिलेल्यांना ११२.

दुकानात वजन उचलणं मात्र टप्प्याटप्प्याने. कळ पूर्ण गेल्यावर आधी पाच किलोची आट्याची पिशवी, छातीशी धरून, कंबरेऐवजी खुब्यातून आणि गुडघ्यांतून वाकून. दोन आठवडे ते निभलं की दहा किलो. वजन हातात असताना धड फिरवायचं नाही, पाय टाकून सगळं अंग वळवायचं. जमिनीवरचा माल आताच गुडघ्याएवढ्या उंचीच्या फळीवर चढवून घ्या. पन्नास किलोची पोती निदान तीन महिने हमालाकडूनच उतरवून घ्या, आणि सकाळी दुकान उघडल्याउघडल्या टेम्पो येत असेल तर त्याला दुपारी यायला सांगा.